उकळी कोणाला फुटते? बुद्धिवाद आणि भाषेचे शास्त्र

विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने बदलापूरच्या एका शाळेत गेलो असता सातवीच्या मुलांच्या प्रयोगवह्या चाळण्याचा योग आला. पाणी तापवण्याचा साधाच प्रयोग होता. एका मुलीने निरीक्षणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘आधी तळाशी बारीक बुडबुडे आले. मग पाण्याला उकळी फुटली.’ दुसऱ्या वाक्यावर तांबड्या शाईची रेघ होती आणि शेजारी दुरुस्ती होती, ‘पाणी १०० अंश सेल्सिअस तापमानाला उकळते.’ आम्ही मुलीला विचारले, ‘तापमापी कुठे ठेवली होतीस?’ ती म्हणाली, ‘सर, तापमापी एकच आहे. ती कपाटात असते.’

म्हणजे जे तिने पाहिले ते खोडले गेले आणि जे पाहिले नव्हते ते तिच्या वहीत चढले. तिच्या शिक्षकांशी आम्ही याबद्दल बोललो. ते कामसू आणि मुलांवर माया करणारे शिक्षक होते. त्यांचे म्हणणे असे, की ‘उकळी फुटली’ ही घरगुती बोली झाली. शास्त्राची भाषा नेमकी हवी, तीत अलंकार नकोत. आणि या वाक्यात कर्ता कोण, हेही नीट सांगता येत नाही. पाणी की उकळी?

ही तीन मते त्या शिक्षकांची एकट्याची नाहीत. भाषा विचाराच्या साच्यात बसली पाहिजे, अलंकार हा विचारावरचा मुलामा आहे, आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता स्पष्ट दिसला पाहिजे, या कल्पनांना साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या कल्पना जिथे ठाशीव झाल्या त्या सतराव्या शतकातल्या फ्रान्सपासून आपल्या वहीतल्या तांबड्या रेघेपर्यंतचा प्रवास तपासून पाहावा, त्यात घेण्याजोगे काय आणि टाकण्याजोगे काय ते ठरवावे, असा या लेखाचा हेतू आहे.

शिक्षकांनी लिहिलेले व्याकरण

देकार्तने १६३७ साली ‘विचारपद्धतीविषयी’ आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो लॅटिनमध्ये नव्हे, तर फ्रेंचमध्ये. विद्वानांची भाषा लॅटिन असण्याच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. विचार करण्याची शक्ती सर्व माणसांत सारखीच आहे, असे मानणाऱ्याने सर्वांना कळेल अशा भाषेत लिहावे हे सुसंगतच होते. स्पष्ट आणि सुटी कल्पना हीच सत्याची खूण, आणि अवघड प्रश्नाचे लहान तुकडे करून तो सोडवावा, ही त्याची शिकवण.

ती शिकवण भाषेला लावली पॅरिसजवळच्या पोर्ट रॉयल मठाशी संबंधित मंडळींनी. आंत्वान आर्नो आणि क्लोद लान्सलो यांनी १६६० साली ‘सर्वसामान्य आणि तर्कशुद्ध व्याकरण’ लिहिले. दोनच वर्षांनी, १६६२ मध्ये, आर्नो आणि पिएर निकोल यांचे तर्कशास्त्र आले. यांतले लान्सलो हे मठाच्या छोट्या शाळांत मुलांना भाषा शिकवणारे शिक्षक होते, हे आपण ध्यानात ठेवावे. त्या शाळांत मुलांना वाचन लॅटिनऐवजी मातृभाषेतून शिकवत. व्यंजनाचे नाव घोकवण्यापेक्षा त्याचा उच्चार शिकवावा, ही सूचनाही त्या व्याकरणात आहे.

त्यांची मुख्य कल्पना सोपी होती. मन तीन कामे करते : एखादी गोष्ट कल्पिते, तिच्याविषयी निर्णय करते आणि निर्णयांवरून अनुमान काढते. शब्द ही विचारांची चिन्हे. म्हणून नामे कल्पिलेल्या गोष्टींची, आणि क्रियापद हे निर्णयाचे चिन्ह. मन सर्वांचे सारखे, तेव्हा भाषा कितीही असल्या तरी त्यांच्या तळाशी व्याकरण एकच असले पाहिजे.

या विचारातून एक फार उपयोगी हत्यार निघाले. वरवर एक दिसणाऱ्या वाक्यात अनेक निर्णय दडलेले असतात आणि ते सुटे करता येतात. आपल्या भागातले उदाहरण घेऊ : ‘उल्हास नदीचे गढूळ पाणी गाळल्यावर पिण्याजोगे होते.’ यात तीन विधाने आहेत. पाणी गढूळ आहे. ते गाळले. ते पिण्याजोगे झाले. सुटी केल्याबरोबर तिसरे विधान उघडे पडते. गाळण्याने गढूळपणा जातो, पण रोगजंतू व विरघळलेली द्रव्ये जातीलच असे नाही. एका वाक्यात ओवल्यामुळे जे खपून गेले असते ते तुकडे केल्यावर खपत नाही. हे काम व्याकरणाचे की विज्ञानाचे? आमच्या मते दोहोंचे, आणि पोर्ट रॉयलचे खरे देणे ते हेच.

लामींचे दुसरे पुस्तक

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना लामीचा सिद्धान्त माहीत असतो. एका बिंदूवर तीन बले समतोल साधत असतील, तर प्रत्येक बल हे उरलेल्या दोन बलांमधील कोनाच्या ज्येच्या प्रमाणात असते. ज्यांच्या नावाने हा सिद्धान्त ओळखला जातो ते बर्नार लामी (१६४० ते १७१५) हे धर्मगुरू, गणिती आणि देकार्तच्या विचारांकडे झुकलेले अध्यापक होते. त्यांचे दुसरे एक पुस्तक १६७५ साली निघाले. ते आहे बोलण्याच्या कलेवर, म्हणजेच वक्तृत्वशास्त्रावर.

वक्तृत्वशास्त्राची जुनी घडण मोठी होती. काय बोलायचे ते शोधणे, त्याची मांडणी करणे, त्याला शब्द देणे, ते ध्यानात ठेवणे आणि ते सादर करणे, असे त्याचे पाच भाग होते. सोळाव्या शतकात पिएर रामू (१५१५ ते १५७२) यांनी यांतले पहिले दोन भाग काढून तर्कशास्त्राकडे सोपवले. वक्तृत्वाकडे उरले शब्द आणि सादरीकरण. बुद्धिवाद्यांनी ही वाटणी पक्की केली. विचार करणे हे तर्काचे काम, नटवणे हे वक्तृत्वाचे. अलंकार संशयित ठरले ते तेव्हापासून. आपल्या शिक्षकमित्राच्या ‘अलंकार नकोत’ या वाक्याचे मूळ या वाटणीत आहे.

पण खुद्द बुद्धिवाद्यांना ही वाटणी पुरली नाही, आणि इथेच या कथेतला सर्वांत रोचक भाग येतो. लामींनी प्रश्न केला, की माणसे अलंकार वापरतात तरी का? त्यांचे उत्तर यंत्रशास्त्र शिकवणाऱ्याला शोभणारे आहे. रागाने चेहरा तांबडा होतो, भीतीने हात थरथरतो, तसे भावना उसळली की बोलणे वाकते. अलंकार हे त्या उसळीचे चिन्ह आहे. म्हणजे त्याला कारण आहे आणि त्याचा अभ्यास करता येतो. पुढे द्युमार्से यांनी १७३० मध्ये शब्दांच्या लाक्षणिक अर्थांवर ग्रंथ लिहिला. त्यांनी तर सांगून टाकले, की पंडितांच्या सभांमध्ये अनेक दिवसांत होत नाहीत इतके अलंकार बाजाराच्या एका दिवसात होतात. याची प्रचीती ज्याला हवी असेल त्याने उल्हासनगरच्या कापडबाजारात एक तास उभे राहावे. गिऱ्हाईक ‘फिरते’, भाव ‘पडतो’, माल ‘उठतो’, धंदा ‘बसतो’. यांतला कुठलाही शब्द कुणी शोभेसाठी वापरलेला नाही.

आमच्या मते फ्रेंच बुद्धिवादाने वक्तृत्वशास्त्राला दिलेले वळण ते हे. अलंकाराला त्याने आधी दागिना म्हणून बाहेर काढले आणि मग विचाराची व मनाची खूण म्हणून परत आत घेतले. आपल्याकडच्या शाळांत यातली पहिली पायरी पोहोचली, दुसरी वाटेतच राहिली.

पिंपावरची नावे

या विचारांचा सर्वांत ठोस परिणाम कुठे झाला असेल, तर रसायनशास्त्रात. तत्त्वचिंतक काँदियाक यांनी भाषा हे विचार व्यक्त करण्याचे साधन आहेच, पण विचाराचे पृथक्करण करण्याचेही साधन आहे, असे प्रतिपादन केले होते. १७८७ साली गितों द मोर्व्हो, लव्हॉझिए, बर्तोले आणि फुरक्र्वा या चौघांनी रासायनिक नावांची नवी पद्धत प्रसिद्ध केली. १७८९ मध्ये लव्हॉझिए यांनी आपल्या रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत काँदियाकचे ऋण मान्य केले. आपण निघालो होतो नावे सुधारायला, पण नावे सुधारता सुधारता शास्त्रच नव्याने मांडावे लागले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही रासायनिक कारखान्यात पिंपांवरची नावे वाचा. सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड. एका प्रत्ययाच्या फरकाने ऑक्सिजन जास्त, कमी की मुळीच नाही, ते कळते. हे व्याकरण त्या चौघांचे आहे. याउलट आपला जुना शब्द ‘मोरचूद’ मोराच्या रंगाची आठवण देतो, आत तांबे आहे हे सांगत नाही. शिवाय मोरचूद तापवले की त्यातले पाणी निघून जाते आणि ते पांढरे पडते. मग नावातला मोर कुठे राहिला? ‘कॉपर सल्फेट’ हे नाव मात्र तांबे व गंधक दोन्ही सांगते. इथे बुद्धिवादाची बाजू निर्विवाद वरचढ आहे.

पण तर्कशुद्ध नावालाही धोका असतो. ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थ आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असे लव्हॉझिए यांना वाटत होते. मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही, त्यात क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, असे हम्फ्री डेव्ही यांनी १८१० साली दाखवले. सिद्धान्त गेला, नाव राहिले. आपला ‘प्राणवायू’ हा शब्द रचनेविषयी काहीच सांगत नाही, पण खोटेही सांगत नाही. नाव जितके अधिक सांगू पाहते तितकी त्याची चुकण्याची जागा वाढते, हा धडा बुद्धिवाद्यांच्या सर्वांत मोठ्या यशातच दडलेला आहे.

दादोबा आणि आगरकर

मराठीत भाषेचा तर्कशुद्ध विचार रुजवणाऱ्यांत दोन नावे ठळक आहेत, आणि दोघेही धर्म व समाज यांचा बुद्धीने विचार करणारे सुधारक होते, हा योगायोग नसावा. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेच्या १८४९ मधील स्थापनेतही दादोबा होते. गोपाळ गणेश आगरकरांची ‘वाक्यमीमांसा’ १८८८ सालची, आणि त्याच वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. एकाच वर्षी एकाच हाताने रूढींची आणि वाक्यांची चिरफाड केली.

यांच्या आणि फ्रेंच मंडळींच्या विचारांत थेट धागा नाही. दादोबांसमोर लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण होते. आगरकरांवर छाप होती मिल आणि स्पेन्सर यांची. मिल व्याकरणाला तर्कशास्त्राची पहिली पायरी मानत. स्पेन्सर यांनी १८५२ च्या एका निबंधात चांगल्या शैलीचे कारण सांगितले ते असे, की ती वाचकाच्या मनाची शक्ती कमी खर्च करते. वक्तृत्वाचा असा हिशेब मांडणे हे पोर्ट रॉयलच्याच वळणाचे आहे.

आगरकरांनी इंग्रजीतली वाक्यपृथक्करणाची पद्धत मराठीला लावली. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, कोणता भाग कशाचा विस्तार, हे मुलांनी ओळखावे अशी शिस्त त्यातून आली. तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. लांबलचक, गोल फिरणाऱ्या वाक्यात लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे, हे विचारण्याची सवय लावणे म्हणजे सुधारकाचेच काम. ‘असे मानले जाते’ म्हटल्यावर ‘कोण मानते?’ असे विचारणारा विद्यार्थी यातून घडतो.

अडचण दुसरीकडे आहे. मराठी शालेय व्याकरणात शब्दांच्या आठ जाती इंग्रजीच्या चौकटीतून आल्या, आठ विभक्ती संस्कृतातून आल्या, आणि बोलणे मात्र मराठी राहिले. ‘मुलाने कैरी खाल्ली’ हे वाक्य घ्या. खाणारा मुलगा, पण क्रियापद चालते कैरीच्या लिंगाप्रमाणे. आता उद्देश्य कोण? ‘मला थंडी वाजते’ यात क्रियापद थंडीच्या मागे जाते आणि कुडकुडणारा माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसतो. ‘हा माझा भाऊ’ या वाक्यात तर निर्णय पुरता आहे, क्रियापदच नाही. निर्णयाचे चिन्ह क्रियापद, हा पोर्ट रॉयलचा नियम इथे कोसळतो.

याचे उत्तर आपल्या परंपरेत होते. पाणिनीने कारक आणि विभक्ती वेगळी ठेवली. क्रियेतली भूमिका एक, शब्दाला लागणारा प्रत्यय दुसरा. म्हणून कर्ता कधी एका रूपात तर कधी दुसऱ्या रूपात येऊ शकतो. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या प्रश्नांचा मोठा ऊहापोह केला. अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ साली ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ लिहून उसन्या साच्यांना हरकत घेतली. तरी वर्गातला साचा फारसा हललेला नाही.

कोणता क्रम नैसर्गिक?

बुद्धिवादाची सर्वांत मोठी चूक याच जातीची होती. कर्ता, मग क्रिया, मग कर्म, हा फ्रेंचमधला क्रम हाच विचाराचा नैसर्गिक क्रम, असे तिथे पुष्कळांनी मानले. रिव्हारोल यांनी १७८४ मध्ये बर्लिनच्या अकादमीचे पारितोषिक मिळवलेल्या निबंधात फ्रेंचच्या स्पष्टतेचे श्रेय याच क्रमाला दिले. दिदरो यांनी त्याआधीच, १७५१ साली, मूकबधिरांविषयीच्या पत्रात हा प्रश्न खुणांच्या भाषेकडे नेऊन तपासला होता, की मनात आधी काय येते हे शब्दांच्या क्रमावरून ठरवावे तरी कसे?

आज याला आकड्यांचे उत्तर आहे. जगातल्या १३७७ भाषांच्या एका तुलनात्मक पाहणीत ५६५ भाषांत क्रियापद शेवटी येते आणि ४८८ भाषांत ते मध्ये येते. मराठी आणि सिंधी पहिल्या गटात आहेत. तेव्हा १९४९ साली नाव मिळालेल्या उल्हासनगरच्या कुठल्याही कॅम्पात, मराठी घरात वा सिंधी घरात, ‘निसर्गाविरुद्ध’ बोलणे चालू आहे असे म्हणायची आमची तयारी नाही. आपली भाषा बुद्धीला साजेशी आहे, हे म्हणणे रास्त. बुद्धी आपल्याच भाषेत बोलते, हे म्हणणे चूक. चॉम्स्की यांनी १९६६ मध्ये पोर्ट रॉयलच्या विचाराला पुन्हा उजाळा दिला, तेव्हा सर्व भाषांच्या तळाशी काही समान असावे ही कल्पना त्यांनी घेतली. ते समान काय, हे मात्र एका भाषेवरून ठरत नाही, भाषा गोळा करून तपासावे लागते.

पुन्हा त्या वहीकडे

आता तांबड्या रेघेचा निवाडा करू. ‘पाण्याला उकळी फुटली’ हे निरीक्षण आहे : या भांड्यात, आज, असे घडले. ‘पाणी १०० अंशाला उकळते’ हा नियम आहे, आणि त्यालाही ‘एक वातावरण दाबाखाली’ ही अट आहे. दोन वेगळे निर्णय आहेत. एकाच्या जागी दुसरा घालणे ही भाषेची दुरुस्ती नव्हे, ती पुराव्याची अदलाबदल आहे. पोर्ट रॉयलची शिस्त खरोखर पाळली असती, तर ती रेघ मारलीच गेली नसती.

शिवाय ‘फुटली’ हा शब्द पाहा. अंकुर फुटतो, पाझर फुटतो, तशी उकळी आतून बाहेर येते. तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वर येऊन फुटतात, हे त्या शब्दात चोख आहे. तसेच ‘लोखंडाला गंज चढतो’ आणि ‘लोखंड गंजते’ ही दोन वाक्ये. पहिल्यात बाहेरून काही येऊन चिकटल्याचा भास आहे, दुसऱ्यात लोखंड स्वतः बदलल्याचा. हवेतला ऑक्सिजन व पाणी बाहेरून येतात, वजन वाढते, म्हणून पहिले खरे. लोखंडाचेच संयुग बनते, म्हणून दुसरे खरे. मुलांना दोन्ही वाक्ये देऊन कोणते किती खरे, हे विचारा. रसायनशास्त्राचा एक तास सार्थकी लागेल.

आणि ज्या भाषेला आपण शास्त्रीय समजतो ती तरी तपासावी. ‘द्रावण तापवले गेले’ असे आपण मुलांना लिहायला लावतो. मराठीत ‘द्रावण तापवले’ एवढ्यानेच भागते. क्रियापद द्रावणाप्रमाणे चालते, तापवणाऱ्याचे नाव घ्यावे लागत नाही. ‘गेले’ ही इंग्रजीची सावली आहे. याहून गंभीर उदाहरण आपल्या दारातले आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीविषयी आपण म्हणतो, ‘नदी प्रदूषित झाली.’ जणू ती आपणहून झाली. ‘वालधुनीत सांडपाणी सोडले’ म्हटले की लगेच प्रश्न येतो, कोणी, किती, कशावर प्रक्रिया न करता? कर्ता शोधण्याची शिस्त खरी लागते ती इथे, मुलीच्या वहीत नव्हे. आणि कुणी ‘नदी मेली’ म्हटले, तर अलंकार म्हणून खोडू नये. मासा जगेल इतका विरघळलेला ऑक्सिजन पाण्यात आहे का, ते मोजायला पाठवावे. रूपकाने प्रश्न दिला, मोजमापाने उत्तर द्यावे.

शिक्षकमित्रांना आमची विनंती एवढीच आहे. प्रयोगवही तपासताना वाक्यापुढे दोन प्रश्न लिहावेत : ‘हे तू पाहिलेस का?’ आणि ‘यात किती विधाने आहेत?’ बोली शब्द राहू द्यावा. न पाहिलेली गोष्ट मात्र राहू देऊ नये.

त्या बदलापूरच्या शाळेतून निघताना आम्ही शिक्षकांना तापमापी कपाटाबाहेर काढण्याची विनंती केली. त्यांनी ती लगेच काढली. मुलीने पुन्हा पाणी ठेवले. या खेपेला तिने लिहिले, ‘पाण्याला उकळी फुटली तेव्हा तापमापी ९८ दाखवत होती.’ दोन अंश कुठे गेले, यावर वर्गात वाद सुरू झाला. आम्ही निघालो तेव्हा तो चालूच होता.